मामांची शिंक

पुस्तक न उघडता, नुसतं शिंकून त्याचा प्रकार सांगणारा माणूस आमच्या आचऱ्यात एकच झाला, तो म्हणजे माझे मामा. गावचं वाचनालय मामाच सांभाळत, आणि तिथलं कपाट उघडलं की त्यांचं नाक सुरू. नाटकांना शिंकांवर शिंका, कादंबरीला नुसता घसा खवखवे, आणि जुन्या पोथीला डोळ्यांतून अशा धारा लागत की परक्याला वाटावं, मामा भक्तीनं रडताहेत. पान उलटायचं ते अंगठा जिभेला लावूनच. पुस्तकांना लागणाऱ्या कसरीसाठी डांबराच्या गोळ्या सदऱ्याच्या ज्या खिशात, त्यातच पोरांसाठी पेपरमिंट. त्यामुळे गावातली पोरं गोळी आधी हुंगत आणि मगच तोंडात टाकत. पावसाळा सरला की मामांच्या घरासमोर, देवळाच्या अंगणात पुस्तकं उन्हाला पडत. एकदा मी तोंडाला रुमाल बांधून मदतीला गेलो, तर मामा भडकले. "पुस्तकां काय आजारी आसत, तोंड बांधून भेटाक जावक? काय वाटतला त्यांका?" मी मुकाट्यानं रुमाल खिशात घातला.

आजारी पडले ते मामाच. देवळाची पायरी चढतानाही धाप लागायला लागली, तेव्हा मामी आणि मी त्यांना सावंतवाडीला डॉक्टरांकडे नेलं. जुन्या कागदांची धूळ आणि बुरशी छातीत गेलीय, असं निघालं. अंगठ्याचं ऐकून तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, आजवर किती बुरशी खाल्लीत!" मामांना वेगळीच काळजी. "ती सोमवारच्या उपासाक चलता मां?"

डॉक्टर हसले नाहीत. "पुन्हा त्या पुस्तकांत गेलात, तर तुमच्या श्वासाची खात्री मी देणार नाही."

"देवाक कौल लावन सांगतंय," मामा पुटपुटले.

"देवाक कित्याक तरास? कौल मी देतंय," म्हणत मामींनी त्यांच्या कमरेची वाचनालयाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. परतीच्या वाटेवर मामा मोकळी कंबर चाचपत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

यंदा पुस्तकं मीच उन्हात घातली. मामा रस्त्यापलीकडे पडवीत खुर्ची टाकून बसले होते. एक जाडजूड पुस्तक झटकलं आणि मला शिंकांवर शिंका आल्या. आता पलीकडून 'नाटक!' अशी हाक येणार म्हणून मी थांबलो. हाक आली नाही. मामा उठले, धापा टाकत रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि खांद्यावरचा पंचा त्यांनी माझ्याकडे भिरकावला.

"तोंड बांध रे पयलां! पुस्तकांका मी सांगतंय समजावन."

पंचा मी घट्ट बांधला. त्याला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास होता.