काळ्या कापडाआडची कळी

मास्तरांनी कधी शाळेत शिकवलं नाही. शेवंतीच्या काचघरात हाताखालच्या प्रत्येकाला दम देऊन देऊन शिकवलं, म्हणून ते मास्तर. आणि तिथेच राबणारी बायको आपोआप मास्तरीण. "झाड रात्र मोजतं," ते सांगायचे. "रात्र लांबली की पानांतून शेंड्याला निरोप जातो, वाढ पुरे, कळी धर. मध्येच कुणी दिवा दाखवला की निरोप निघतच नाही. मग बसा पाला विकत!" म्हणून लांब दिवसांत ऊन असतानाच वाफ्यांवर काळं कापड ओढायचं. एकाने आत सिगारेट पेटवली, तर मास्तरांनी त्याची अशी काही बिनपाण्याने केली की पठ्ठ्याने सिगारेटच सोडली.

मग मास्तरांचं डोकं दगा द्यायला लागलं. ताटावरून उठले की "जेवण झालंय का?" म्हणून विचारायचे. मालकीण वाईट नव्हती, पण धंदा धंदाच. म्हणाली, "एवढा बहर नीट निघाला तर राहा. नाहीतर मला दुसरं जोडपं बघावं लागेल." नोकरी गेली की काचघरामागची खोलीही जाणार. मुलाने आधीच सांगून टाकलं होतं, "आईला ठेवून घेतो. बाबांना सांभाळणं नाही जमायचं." चांगला शहाणा! म्हणजे या वयात दोघांची ताटातूट.

मास्तरणीने जिवाचं रान केलं. शेंडे खुडले, फुटवे जपले, कापडाला फट म्हणून राहू दिली नाही. झाडं नुसतीच वाढली, हिरवीगार, कमरेएवढी. कळीचा मात्र पत्ता नाही. रोज रात्री जेवण झालं की मास्तर "पाय मोकळे करून येतो" म्हणून जायचे ते दोन-दोन तास. तेवढाच तिला विसावा. खरं सांगायचं तर तेवढा वेळ तिला ते समोर नकोच असायचे.

एकदा फारच उशीर झाला, म्हणून ती बघायला गेली. काळ्या कापडाच्या कडेने उजेड येत होता. आत मास्तर, हातात चार्जिंगचा मोठा दिवा, एकेक शेंडा बोटांनी हळूच उलगडत होते.

"अहो! काय करताय हे?"

"कळी बघतोय. रोज बघतो गं, एक नाही धरलेली." त्यांचा आवाज चढला. "कुणीतरी गाढव आत दिवा आणतंय. सापडू दे मला, तंगडंच मोडतो!"

तिला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. ओरडायचं तरी कुणावर? हातातला दिवा काढून घेऊनही आता उपयोग नव्हता. फुलं तोडायची वेळ आली होती आणि वाफ्यांत नुसता पाला होता.

मालकीण सकाळी वाफे बघून गेली, जाताना खोली रिकामी करायला सांगून गेली. संध्याकाळी मुलाचा फोन आला. बाबांसाठी वृद्धाश्रमात खाट मिळाली होती. उद्याच न्यायला येतो म्हणाला.

बोचकी बांधून झाली. मास्तर दारात घुटमळत होते. "मी जरा कळ्या बघून येऊ?"

तिने दिवा लावून त्यांच्या हातात दिला. "या बघून," ती म्हणाली. "सावकाश बघा, घाई नाही."