तांबड्या समासाची ई-मेल

तांबड्या शाईचा वास आला, की मला मिरजेतील ते इंटरनेटचे दुकान आठवते. कचेरीपुढे अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणूनच एका ओळखीच्या बाईंनी मला तिथे सोबत नेले होते. त्यांचे यजमान दवाखान्यात अत्यवस्थ होते आणि मस्कतच्या मुलाचा फोन लागत नव्हता. "साहेब, 'लगीच ये' एवढंच लिवा," त्या म्हणाल्या. मी मात्र तांबडा समास, ठळक मथळा आणि रंगीत अक्षरे मागितली. दुकानातील मुलगी म्हणाली, "काका, हे एचटीएमएल, म्हणजे सजावटीची ई-मेल नको, साधा मजकूर पाठवा. तिकडं जुना संगणक असला तर नुसती चिन्हं दिसतील." "माझा अर्ज बिनसमासाचा जात नाही," मी ऐटीत उत्तरलो आणि ती तशीच पाठवायला लावली. बाईंचे यजमान गेले; मागाहून फोन लागला, पण मुलगा पोचला तो तेराव्याला. चिन्हांनी भरलेला ई-मेलचा छापील कागद माझ्यापुढे धरून त्याने विचारले, "काका, ह्यात आईचा निरोप कुठं हाय?" "यंत्राचा दोष," मी म्हणालो. "व्हय रं, साहेबांचं लिवणं कवा चुकत न्हाई," बाईच त्याला समजावू लागल्या.  आजही कचेरीवरून जाताना त्या मला नमस्कार करतात, आणि मी मान खाली घालून कोऱ्या कागदावर समास आखत बसतो.