नाखवा फुमोची पहिली कुसी

आमच्या लामू बंदरात नाखवा फुमोला कुणी वय विचारलं, तर तो वाऱ्यांच्या हिशेबात सांगायचा. जन्म कास्काझीतला, लग्न कास्काझीतलं, आणि मुलगी रेहेमा झाली ती कुसीत. "मी धक्क्याला लागलो आणि पोरगी रडली!" हे तो अशी छाती फुगवून सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं बाळंतपण यानेच केलं.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! आमच्याकडे अर्धं वर्ष सगळ्या समुद्रावरची हवा उत्तरेकडून खाली येते, ती कास्काझी; आणि अर्धं वर्ष दक्षिणेकडून वर जाते, ती कुसी. माणसंही तिच्याच मागे. कास्काझी सुटली की अरबांची, कच्छींची गलबतं आमच्याकडे उतरतात आणि आमची खाली पेम्बा-झांझिबारला जातात. मग वारा पडतो, दोन सरी कोसळतात, कुसी सुटते आणि जो तो घराकडे वळतो. फुमो मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच करत आला. कुसी सुटताना तो कधी घरी नसायचाच. तो यायचा तिच्याबरोबर.

रेहेमाला त्याने पेम्बाला दिली होती, हाजी नावाच्या लवंगवाल्याला. पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हायला हवं, आणि पहिलटकरणीला आणायला बापानेच जायला हवं, ही आमची रीत. कास्काझीच्या शेपटावर खाली जायचं आणि पहिल्या कुसीला लेकीला घेऊन वर यायचं, असं ठरलं होतं.

"निघा आता," त्याची बायको तिमा रोज सांगायची.

"निघतो गं. पण व्याह्यांच्या दारात असलं खरूज झालेलं गलबत नेऊ? माझी काही अब्रू आहे की नाही?"

गलबत वाळूवर ओढलं गेलं. फळ्यांना शार्कचं तेल चोळून झालं, बुडाला चुना-चरबी फासून झाली. तरी याचं समाधान होईना. गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर रंगवायचे दोन गोल डोळे राहिले होते ना! गलबताला वाट दिसायला हवी, तर डोळे झकास हवेत. तो ब्रश घेऊन बसला.

ओट्यावर आल्याची कॉफी पीत बसलेला अथमान शिंपी ओरडला, "फुमो, वारा ढिला पडतोय रे!"

"तू आपली सुई सांभाळ. कास्काझी माझ्या खिशात आहे."

खिसा फाटका निघाला. एका सकाळी उठून बघतो तर माडाची झावळी हलेना. त्याने घाईघाईने गलबत पाण्यात लोटलं, शीड चढवलं. शीड लोंबत राहिलं. खलाशांनी घाम गाळून वल्ही मारली, आणि फिरल्या भरतीने सगळ्यांना पुन्हा धक्क्यावर आणून ठेवलं. बघायला अख्खं गाव जमलं होतं. "आलास इतक्यात? लेक कुठाय?" अथमानने विचारलं. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

तिमा मात्र हसली नाही. "पोरीचे दिवस भरत आले, आणि बाप डोळे रंगवत बसला! परक्या घरी तिच्या कपाळावर हात कोण ठेवणार?" त्या दिवसापासून तिने 'निघा' म्हणणंही सोडलं. तिची बडबड परवडली असती.

पाऊस झाला आणि कुसी सुटली, थेट तोंडावर. फुमोने शीड दोनदा उभं केलं, दोन्हीदा मागे लोटला गेला. वाऱ्याला तोंडभर शिव्या घालून तो धक्क्यावर येऊन बसला. जेवायला जाईना. दक्षिणेला प्रत्येक शिडाकडे बघायचा, परकं निघालं की मान खाली घालायचा. रेहेमाला काही झालं तर, हा विचार मनातून जाता जात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाची वाट बघत होता, आणि हे काम त्याला अजिबात जमत नव्हतं.

एका दुपारी पेम्बाचं गलबत लागलं. लवंगांचा वास आधी आला, मग पोत्यांमागून जावई हाजी उतरला. बोट लागून रंग पार उडालेला. त्याच्या मागे, खांबाला धरून, ही एवढ्या पोटाची रेहेमा.

फुमो धावला.

"काय बाबा, गलबत वाळूत ना?" रेहेमा म्हणाली. "कुसी आमच्याकडे आधी पोचते. ती आली आणि तुम्ही नाही, तेव्हाच ओळखलं मी. तुम्हाला अडवणारा वारा मला आणणाराच ना? म्हटलं, यांना उचलते आणि निघते."

"तीनदा मेलो मी वाटेत, मामा," हाजी कण्हला.

"लहानपणी कुसी सुटली की मी इथेच उभी राहायचे," रेहेमा हसली. "यंदा तुमची पाळी."

संध्याकाळी नातू झाला. फुमोने त्याच्या कानात अजान दिली, तेव्हा आवाज इतका कापत होता की बायका पदराआड हसल्या. मग तो तिमाजवळ जाऊन बसला.

"दरवर्षी तुम्ही दोघी अशाच उभ्या राहायचात?"

"मग काय!"

"आणि मला उशीर झाला की?"

"तेव्हाही. मी तेवढी चुलीवर भात ठेवून यायचे."

त्याने दारातून एकदा धक्क्याकडे बघितलं. मग म्हणाला, "फार वाईट काम आहे गं ते."

पुढच्या कास्काझीला बंदरातून सगळ्यात आधी सुटलं ते फुमोचं गलबत, एक डोळा रंगवलेला आणि एक तसाच. कुसी सुटली तशी तिमा भात चुलीवर ठेवून धक्क्यावर गेली. बघते तर नाखवा कधीचा उतरून तिची वाट बघत उभा.