मल्लूमामाच्या खिशातला कागद

मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधल्या नळाखाली बाटली धरून उभी होते. "गौरी, तुझे मामा गेले गं... सकाळी चहा पिता पिता," एवढंच ती बोलली. बाटली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं मला सुचलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला. मल्लूमामाबद्दल लिहायचं तर मला एकाच दिवसाबद्दल लिहावं लागेल. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या लोकांनी त्याला मारलं.

मामा मूळचा मंद्रूपचा, सोलापुरात एसी बसवायचा. तांब्याच्या नळीला गॅसची ज्योत देऊन जोड मारावा तो त्यानेच. रागीट इतका, की जोड गळला तर स्वतःचंच काम हातोड्याने चेचून पुन्हा करायचा. मी नववीत असताना सोसायटीने गच्चीवर पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, बोअरचं खारट, म्हणून पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ प्रत्येक स्वयंपाकघरात द्यायचं ठरलं. चेअरमनकाका म्हणाले, तांब्याच्याच नळ्या घालू, तांब्याचं पाणी तब्येतीला चांगलं. पप्पा सेक्रेटरी होते, त्यांनी काम मेव्हण्याला दिलं. शेवटच्या दिवशी मामा चकचकीत नळीवरून हात फिरवत म्हणाला, "बघ की, सोनंच घातलंय जणू."

काही महिन्यांत आमच्या पांढऱ्या सिंकमध्ये नळाखाली हिरवट-निळा ओघळ उमटला. सकाळचा पहिला घोट नाणं चोखल्यासारखा लागायचा. खालच्या मजल्यावरची तीन वर्षांची आरोही रोज सकाळी ओकायची. ते ओकणं जिन्यातून वर ऐकू यायचं, कोरडं, आतून ओढून काढल्यासारखं. पित्त पडतंय, चांगलंच आहे, असं चेअरमनकाका तिच्या आईला सांगायचे. मामा एकदा जेवायला आला, सिंक पाहिलं आणि तो ओघळ नखाने खरवडून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने दोन बाटल्या भरून नेल्या. एक रात्रभर नळीत थांबलेल्या पाण्याची, दुसरी नळ बराच वेळ सोडून दिल्यानंतरची. लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत आला, तो घेऊन तो माझ्याकडे आला. "वाच की, तू इंग्लिश शाळेतली." मी पेन्सिलीने खुणा करत, कडेला मराठीत अर्थ लिहीत वाचला. मशीन पाण्यातले क्षार काढून टाकतं, असं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि तांबं खात जातं. नळीत जितकं थांबेल तितकं जास्त. दुसरी बाटली ठीक होती. पहिलीत तांबं मर्यादेच्या कितीतरी वर. मामा माझ्या कॉटवर बसला. "म्हंजे मीच घातलं की गं त्या पोरीच्या पोटात... उद्या मीटिंगमदी तू वाचून दाखव. माझं कोण ऐकतंय?" मी हो म्हटलं.

मीटिंग पार्किंगमध्ये होती. "एसीवाला डॉक्टर कधीपासून झाला?" चेअरमनकाका म्हणाले आणि लोक हसले. "डॉक्टर न्हाय," मामा म्हणाला, "पण नळी मीच घातलीय. गौरी, वाच." पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर आमच्या घरी पट्टा निघायचा. मी चपलांकडे बघत म्हणाले, "मला नीट कळलं नाही त्यात काय लिहिलंय." मामाने माझ्या हातातून कागद घेतला, उघडून पाहिला, चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातला आणि हत्यारांची पिशवी उचलून जिना चढू लागला.

आम्ही गच्चीवर पोचलो तोवर त्याने मशीनमधून निघणारी मुख्य नळी करवतीने कापली होती आणि खाली जाणारे जोड एकेक करून चेचत होता. प्लास्टरची ढेकळं उडत होती. त्याचे डोळे लाल झाले होते. चौघांनी त्याला खाली पाडलं. पहिली लाथ पप्पांची होती. कोणीतरी त्याचं डोकं टाकीच्या कठड्यावर आपटलं, दात तुटून पडला, कान फाटला. मामाने कोणावर हात उचलला नाही. एका हाताने कापलेला तुकडा वर धरून तो "आत बघा, आत बघा" म्हणत राहिला. दुसरा हात छातीवर गच्च दाबलेला. मला वाटलं, छातीत लागलंय. "पुरावा काय तुझ्याकडं?" पप्पा ओरडत होते. "पुरावा दाखव." त्याने तो हात काही काढला नाही. मी दारात उभी होते.

लाइन तुटली म्हणून सगळ्यांनी पाण्याचे जार मागवले. आठवड्यात आरोहीचं ओकणं थांबलं. नंतर प्लास्टिकच्या नळ्या आल्या, आणि त्यावर कोणी एक शब्द काढला नाही. मामा आमच्या घरी पुन्हा आला नाही. मीच अधूनमधून त्याच्याकडे जायचे, माफी मागायची म्हणून, आणि न मागताच परत यायचे. कुठल्याही नळाखाली हात धरायच्या आधी तो थोडं पाणी जाऊ द्यायचा. "पयलं सोडून द्यायचं बाळ, मग प्यायचं," एवढंच सांगायचा.

दहाव्याला मामीने मला एक पुडी दिली. आत तो कापलेला तुकडा होता, आतून हिरवा, खवले धरलेला, आणि भोवती तोच रिपोर्ट, चार घड्यांवर फाटत आलेला. माझी पेन्सिल अजून पुसलेली नव्हती. पार्किंगमध्ये कागद उघडला तेव्हा त्याला ती दिसली होती. तो कागद दाखवला असता तर मला सगळं कळलंय, हे कोणीही ओळखलं असतं, पप्पांनीही... गच्चीवर त्याने दाबून धरला होता तो खिसा. तुकडा आणि कागद आता माझ्या टेबलावर आहेत. हे पप्पा वाचतील. वाचू देत. कडेला माझ्या नववीतल्या अक्षरात लिहिलंय: पहिली बाटली, पिण्यास अयोग्य.