पूजेत ठेवलेला स्विच

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात केबलींच्या तुकड्यांचा एक खोका आहे. कधीतरी लागेल म्हणून कुणी फेकत नाही आणि तो भरतच जातो. किस्स्यांचंही तसंच झालंय. आता चहाला बसलोच आहोत, तर रूपालीचे सांगतो.

कॉम्प्युटरचं नेटवर्क बसवून देणारे आम्ही तिघं. मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, मी आणि बाळापूरची रूपाली. तिला अकोल्याचं नवं ऑफिस स्वतः चालवायचं होतं. दादांची अट एकच. "मले न इचारता एक साइट निभावून दाखव. अकोला तुयं."

*

एका शाळेत ऑफिस आणि मुलांची लॅब एकाच स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या एकाच डब्यावर होती. लॅबमध्ये व्हिडिओ लागले की ऑफिसचं काम अडायचं. आम्ही दोन व्हीलॅन केले. म्हणजे डबा तोच, पण आत दोन वेगळी नेटवर्कं, एकातलं दुसऱ्याला दिसत नाही. अध्यक्षसाहेब पाहायला आले, डब्याखाली वाकून पाहिलं.

"मधात भिंत कुठी हाय?"

रूपाली म्हणाली, "साहेब, तुमी आन् तुमचे धाकटे भाऊ एकाच घरात राहून बोलत नाई ना? तिथं कुठी भिंत हाय?"

अध्यक्षांनी चहा मागवला.

*

एका ऑफिसात बड्या साहेबांनी टेबल खिडकीशी सरकवलं आणि हाताशी आलेल्या पोर्टात वायर खुपसली. दिवसभर ना फाइल उघडे, ना प्रिंट निघे. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा, हे आम्ही ठरवून दिलेलं असतं; तो पाहुण्यांचा होता.

"साहेब, सध्या तुमी पाहुणे हा," रूपाली म्हणाली.

*

एकदा अमरावतीत बसून ती अकोल्यातला स्विच सेट करत होती. एंटर मारलं आणि ज्या व्हीलॅनमधून आत शिरली होती तोच बंद करून टाकला. स्विच मजेत चालू, हीच बाहेर! एसटीनं अकोला गाठावं लागलं.

दादा म्हणाले, "आतून कडी लावून तू बाहेर कशी आली, ते सांग."

तेव्हापासून ती प्रत्येक स्विचमध्ये शिरायला दुसरी वाट राखून ठेवते.

*

अकोटच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं काम तिनं एकटीनं केलं. दादांच्या अटीतली साइट हीच. वजनकाटा, कॅमेरे, हिशेब, तिघांचे वेगळे व्हीलॅन. दसऱ्याला तिथे कापूसखरेदीचा मुहूर्त होता. सकाळीच आमच्या ऑफिसात रूपालीला तिथल्या मॅनेजरकाकांचा फोन आला. काट्यावर गाड्या उभ्या आणि वजन कॉम्प्युटरवर येत नाही.

झालं असं, की काकांनी यंत्रपूजेत स्विचही घेतला होता. वायरी काढून तो छान पुसला आणि शोभेसाठी रंग पाहून वायरी ओळीनं परत लावल्या. काट्याची वायर भलत्याच पोर्टात गेली. बाहेरून येणारी जाड केबल तेवढी जागेवर होती, म्हणून अमरावतीतून स्विचमध्ये शिरता येत होतं.

"काका, वायरी पहिल्यासारख्या लावा."

"पूजा मांडली बाई, हार घातला. आता उद्या सकाळपर्यंत हात लावता येत नाई."

"आन् मुहूर्त?"

"तो तर निघून चालला!"

रूपालीनं दादांकडे पाहिलं. दादांनी पेपर तोंडासमोर धरला. अकोला तिच्या हातून चाललं होतं.

"नका लावू हात," ती काकांना म्हणाली. "फक्त कोन्त्या पोर्टात कोन्त्या रंगाची वायर हाय, ते पाहून सांगा."

काका सांगत गेले आणि ती इथून एकेका पोर्टाचा व्हीलॅन बदलत गेली. काट्याची वायर जिथे बसली होती, तो पोर्टच काट्याचा झाला, आणि काट्याचा जुना पोर्ट दुसऱ्याचा. फोनमधून आवाज आला, "आलं, वजन आलं." मागे कुणीतरी नारळ फोडला.

मी दादांना विचारलं, "मग अकोला?"

"उद्या पाहू," पेपरामागून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतो तोच दादांचा फोन वाजला. स्पीकरवर काका होते.

"दादा, पोरगी लय हुशार हाय तुमची. तिले अजून तकलीफ नको म्हनून म्या सकाळीच पूजा हलवली आन् साऱ्या वायरी जुन्या जागी लावून देल्या. पुसाच्या आंधी फोटो काढून ठेवला होता ना. पन आता काटा काहून बंद पडला?"

दादांनी फोन रूपालीपुढे धरला.

"घे. तुया अकोला ऑफिसचा फोन हाय."