वू पार्ले मराठी?

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं. लग्न होऊन रोह्याला आले, तर सासरी भातशेती आणि घरात पुण्याची मोठी जाऊ. ती शाळेत मराठी शिकवायची. मी ‘नाय’ म्हटलं की चारचौघांत मला ‘नाही’ म्हणायला लावायची. तिचा मुलगा माझ्याजवळ बसला की त्याला हाक मारून उठवायची. “काकूजवळ नको बसूस, जीभ बिघडेल.”

तेवढं मी सोसलं असतं. पण एकदा आई पेणहून एसटीनं आली, लेकीसाठी जिताडा घेऊन. ओटीवर जावेच्या मैत्रिणी बसल्या होत्या. आईनं अंगणातूनच विचारलं, “बाय गो, बरी हास ना?” जावेनं तोच हेल काढून ते वाक्य मैत्रिणींना म्हणून दाखवलं. सगळ्या हसल्या. आईही हसली, मासळी माझ्या हातात दिली आणि पाणी न पिता पुढच्या गाडीनं परत गेली. मरेपर्यंत ती आमची पायरी चढली नाही.

मी जावेला माफ केलं नाही. बोलले मात्र काहीच नाही.

पुतण्या फ्रान्सला नोकरीला गेला आणि तिथलीच बायको करून आला. त्याला काही महिने मुंबईत काम होतं, शनिवारी यायचा. सून मराठी शिकायची म्हणून रोह्यात राहिली. पहिल्याच दिवशी जावेनं तिला समोर उभं करून वाक्यं म्हणून घ्यायला सुरुवात केली. पोरगी गांगरली. “पार्ले प्ल्यू लाँतमाँ,” म्हणाली.

“उलट उत्तर देते!” जाऊ उठलीच.

“आई, ती म्हणतेय, सावकाश बोला,” पुतण्यानं सांगितलं. पण जाऊ रुसली ती रुसलीच.

ती शाळेत गेली की घरात आम्ही दोघीच. मला सुनेची भाषा हवीशी वाटली. अर्थ पुतण्या शनिवारी सांगायचा. ‘वू पार्ले फ्राँसे?’ म्हणजे तुम्हाला फ्रेंच येतं का? ‘ज न पार्ल पा फ्राँसे’, मला फ्रेंच येत नाही. ‘ज न कोंप्राँ पा’, मला समजत नाही. त्यांचा ‘र’ घशातून, खाकरल्यासारखा काढायचा. ‘आँ’ नाकात. शेवटची कितीतरी अक्षरं लिहायची, पण बोलायची नाहीत. माझा ‘र’ ऐकून ती हसायची, मग माझं बोट स्वतःच्या गळ्याला लावून दाखवायची. तिच्या हसण्याचा मला कधी राग आला नाही.

एक दिवस तिनं कढईकडे बोट केलं. “कोमाँ दितों सा?” ह्याला काय म्हणतात? मी जावेसारखं ‘कढई’ सांगणार होते. थांबले. आणि आई म्हणायची तसं म्हटलं, “करय.”

त्या दिवसापासून मी तिला माझ्या आईची बोली शिकवली. एकही शब्द चुकीचा सांगितला नाही. “पूजेला सासूला चकित करू, तोवर बोलायचं नाय,” असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

सत्यनारायणाला जावेचं सगळं माहेर पुण्याहून आलं. तिच्या आत्यानं सुनेला कौतुकानं विचारलं, “काय हो, मराठी येतं का तुम्हाला?”

पोरगी खुलली. खणखणीत आवाजात म्हणाली, “व्हय गो आत्या! मना मराठी येते, थोरी थोरी. तू सावकाश बोल, मंग मना कलते.”

ओटीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हे कुणी शिकवलं?” आत्या.

“काकूनं!”

मी जावेकडे बघत होते. त्याच ओटीवर, तिच्याच माणसांत, तिचं तोंड लाल झालेलं मी पोटभर बघून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन ती दातओठ खात म्हणाली, “मुद्दाम केलंस.”

“व्हय,” मी म्हटलं आणि शिऱ्याचं पातेलं उचलून बाहेर वाढायला गेले.

पुतण्यानं नंतर बायकोला शुद्ध मराठी शिकवायचा प्रयत्न केला. तिला ते कडक वाटतं. आता त्यांना मुलगा आहे, आणि तोही आईकडून शिकलेलं बोलतो. फ्रान्सहून फोनवर आजीशी भराभरा बोलतो, अर्धं फ्रेंच, अर्धं आमच्या खाडीचं. जाऊ थकलीय, ऐकूही कमी येतं. फोन माझ्यापुढे धरून विचारते, “काय म्हणतोय गं?”

मी सांगते. पण लगेच नाही. आधी हातातली भाजी निवडून पुरी करते.