न धुतलेली बाही

माझी वहिनी पाळणाघर चालवते आणि मी तिथल्या स्वयंपाकघरात राबते. मी तोंडाची फटकळ, ती मुलखाची हट्टी, त्यामुळे आमचं छान जमतं. पोरं तिला माऊ म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत, भूक लागली की नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात.

बस डेपोच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या तीन खोल्या, एवढाच आमचा पसारा. नवीन पालक येतात ते आधी भिंती बघतात आणि त्यांवर रंगीत चित्रं नाहीत म्हणून नाक मुरडतात. वहिनी म्हणते, "भिंती काय बघताय, खाली बसा." खाली बसलं की मग दिसायला लागतं. आरसा पोराच्या उंचीचा. खेळणी हात पोहोचेल तिथे. खिडकीपाशी एक लाकडी पायरी, तिच्यावर चढून पोराला आपली आई वळणापर्यंत जाताना बघता येते. पोराची नजर चुकवून सटकायचं नाही, हा वहिनीचा कायदाच आहे. आईने समोर बसून सांगायचं, मी जाते, संध्याकाळी येते. पोर भोकाड पसरतं, आईचा पाय निघत नाही, पण वहिनी बधत नाही. "रडू दे. फसवलं तर नाही ना आपण?" असं म्हणते आणि पोराला मांडीवर घेऊन बसते.

दुसरा कायदा कपड्याचा. प्रत्येक पोराने घरून आईचा किंवा बापाचा एखादा वापरलेला कपडा आणायचा, तोही न धुतलेला. झोपताना तो जवळ हवा. मला आधी किळस यायची. पण दुपारी सगळी पोरं त्या मळक्या चिंध्यांत नाक खुपसून गाढ झोपलेली बघितली आणि माझं तोंड बंद झालं, जे सहसा होत नाही.

आणि पाळणाघर चांगलं की वाईट, हे वहिनीच्या मते संध्याकाळी दारात कळतं. आईला बघून पोर हातातलं टाकून धावत सुटलं, तर आपलं काम बरं चाललंय. पोर आपल्याला चिकटून राहिलं, तर कुठेतरी चुकतंय.

गुंडी आमच्याकडे आली तेव्हा नुकती दोन वर्षांची झाली होती. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला, बाप बसचालक. तिच्याकडे आईच्या जुन्या शर्टाची एक बाही होती. मनगटाची गुंडी बोटांनी चोळत चोळत पोरगी झोपायची, म्हणून आम्हीच तिचं नाव गुंडी पाडलं, पुढे घरीही तेच रुळलं.

मग तिच्या आईच्या फुफ्फुसांना काहीतरी झालं आणि तिला दवाखान्यात ठेवलं. तिथे लहान मुलांना आत सोडत नव्हते. बाप सकाळी पोरगी आणून सोडायचा, कामावर जायचा, तिथून दवाखान्यात, तिथून आमच्याकडे. आई आज येणार नाही हे वहिनी गुंडीला रोज खरं खरं सांगायची. गुंडी ऐकायची, बाही नाकाशी धरायची आणि खेळायला जायची. त्या बाहीवर सगळं निभावत होतं.

आणि नेमकी तीच बाही वहिनीने उकळली.

पाळणाघरात जुलाबाची साथ आली होती. दोन पोरं आडवी झाली आणि वहिनीची झोप उडाली. तिने चादरी, पडदे, खेळणी, जे दिसेल ते उकळत्या पाण्यात टाकलं. त्या ढिगातून ती बाहीही गेली. वाळत घालताना मीच ती बघितली. "वहिनी, ही गुंडीची ना?" मी विचारलं. तिने बाही हातात घेतली, हुंगली आणि तिथेच पायरीवर बसली. जिने हा कायदा केला, तिच्याच हातून तो मोडला होता.

दुपारी गुंडीने बाही नाकाशी नेली. मग उलटी करून बघितली. मग वहिनीकडे बघितलं आणि बाही लांब फेकून दिली. त्या दिवशी ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीला हात लावला की मान फिरवायची, पाण्याचा थेंबही तोंडात जाऊ देईना. ओठ सुकले. रडायलाही येईना तिला. मला खरंच भीती वाटली. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर भरती करा.

घरातले आईचे कपडे केव्हाच धुऊन ठेवलेले होते, म्हणून बाप धावत दवाखान्यात गेला आणि बायकोच्या अंगावरचा रुमाल घेऊन आला. गुंडीने रुमाल नाकाशी धरला आणि किंचाळली. त्याला आईचा वासच नव्हता, नुसता औषधांचा भपकारा येत होता. बाप भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "तिकडे ती, इकडे ही. मी कुणाकडे बघू, ताई?"

वहिनी उठली. गुंडीला उचललं आणि खिडकीपाशी जमिनीवर बसली. अंगात तिचा तो जुना राखाडी स्वेटर होता, कोपरावर उसवलेला. दिवस कलायला लागला तरी ती तशीच बसून होती. पाय बधिर झाले असणार. मी दर थोड्या वेळाने वाटी-चमचा घेऊन जायचे आणि परत यायचे. शेवटी गुंडीचा हात हलला. तिने स्वेटरची कड मुठीत धरली, तोंड त्यात खुपसलं आणि एक लांब उसासा टाकला. वहिनीने माझ्याकडे हात पुढे केला. चमचाभर पाणी गेलं. मग दुसरा चमचा. बाप दाराबाहेर जाऊन रडला.

पोरगी वाचली, पण मला दुसराच घोर लागला. गुंडी आता स्वेटर सोडेना. वहिनी एरवी त्या स्वेटरला घरी गेल्या गेल्या बादली दाखवायची, आता धुवायचं नाव नाही. कारण पोरीचं, हे खरं. पण सगळंच कारण पोरीचं नव्हतं. एकदा गुंडीने तिला 'आई' म्हटलं. वहिनी लगेच म्हणाली, "मी माऊ. आई दवाखान्यात आहे, बरी होतेय." बोलली बरोबर, पण हाताने पोरीला आणखी जवळ ओढलं. माझ्या नजरेतून सुटतंय होय!

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी तिची आई दारात उभी राहिली. अंगाने निम्मी झालेली, केस कापलेले, आवाज घोगरा. खाली बसून तिने हात पसरले. "गुंडी, ये."

गुंडी धावली. पण वहिनीकडे, तिच्या मागे लपायला.

त्या बाईचे हात तसेच पसरलेले राहिले. मग तिने ते हळूच मागे घेतले. "राहू दे, ताई. तुमच्याकडे खूश आहे ती. ठेवा अजून थोडे दिवस. मी येत जाईन अधूनमधून." आणि ती उठायला लागली.

आज ही गेली तर पोरगी तिला परकी होणार, हे मला लख्ख कळत होतं. वहिनीलाही कळत होतं. तिने मागे लपलेल्या गुंडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढेना. तेवढ्यात मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू.

"बस खाली," वहिनी म्हणाली. तिने अंगातला स्वेटर काढला आणि त्या बाईच्या अंगात, लेकराला घालतात तसा, एकेक हात धरून घातला. मग गुंडीसमोर उकिडवी बसली. "गुंडी, माऊ आत जातेय. आई इथे बसलीय. कळलं?" आणि उठून स्वयंपाकघरात आली.

मागे जो आकांत उठला, तो ऐकवेना. मी दाराकडे निघाले. "जायचं नाही," वहिनी म्हणाली. ओटा धरून उभी होती, अर्ध्या बाह्यांच्या झंपरात, हातांवर काटा आलेला. बाहेर पोरगी रडत होती, आईही रडत होती. मग एकटी आई रडत होती. मग कुणीच नाही.

मी फटीतून डोकावले. गुंडी स्वेटरच्या छातीशी नाक लावून उभी होती. मग तिने नाक वर नेलं, आईच्या मानेत, जिथे स्वेटर संपत होता. तिथेच राहिली. थोड्या वेळाने आई तिला कडेवर घेऊन निघाली. पोरीने मागे वळून बघितलं नाही.

"बघितलं का तिने?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"छान," ती म्हणाली आणि नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडी आईच्या गळ्याला मिठी मारून बसली, वहिनीकडे येईना, रडून गल्ली डोक्यावर घेतली. आई ओशाळली. "असं काय करतेय बघा ना. माऊ किती लाड करते."

"रडू दे, रडू दे," वहिनी म्हणाली. "फक्कड रडतेय."

जाताना बाईने पिशवीतून स्वेटर काढला. "रात्रीच धुतला, इस्त्री फिरवून फिरवून वाळवला. कोपरही शिवलाय."

"बरं केलंस," वहिनी म्हणाली.

गुंडीला पायरीवर चढवून तिने आईला वळणापर्यंत बघू दिलं. मग स्वेटर घेऊन माझ्याकडे आत आली, घडी उलगडली, नाकाशी धरला. छातीपाशी, मग बाहीला, मग कडेला, जिथे ती मूठ असायची. सगळीकडे साबणाचाच वास होता.